सचिव थांग यांच्या वहीतले चौदा जूनचे पान

मी, शेन बाइसोंग, वय एकोणपन्नास, राहणार लुओथान, प्रांत जियांग्शी, स्थानिक कचेरीत लेखनिक, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे यकृत बिघडले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. हे लिहावे म्हणून मला कोणी धमकावले नाही, चहा पाजला नाही, की मागे उभे राहून मजकूर सांगितला नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा कागद मी पहिल्यांदाच लिहीत आहे.

स्वतःच्या अक्षरातल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत, कारण माझे अक्षर कोणते हे सिद्ध करणे जड जाईल. ते का, हे कलम तीनमध्ये येते.

कलम १. घर, त्यातले सामान आणि बँकेत जे उरेल ते माझी एकुलती मुलगी शेन यावेन, तालुक्याच्या शाळेत शिक्षिका, हिला द्यावे. मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी तिच्या आईची आहे. आई जाऊन नऊ वर्षे झाली, पण बरणीतले जुने पाणी मी फेकलेले नाही. यावेननेही फेकू नये.

कलम २. ग्वानयिन देवीची तसबीर आणि जपमाळ डोंगरावरच्या मठातल्या भिक्षुणी हुइजिंग यांना द्यावी. बुद्धाचे नाव मी रोज पहाटे घेतो. तेच नाव हजारदा घेऊनही ते शिळे होत नाही, आणि कचेरीतली वाक्ये दुसऱ्यांदा लिहितानाच विटतात, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर साधे आहे. नाव घेताना मला कोणाला फसवायचे नसते.

कलम ३. माझी लेखणी, शाईच्या बाटल्या आणि वाक्यांच्या कात्रणांच्या पंधरा वह्या शेवयांच्या दुकानाच्या फांग शिउलान यांना चूल पेटवायला द्याव्यात. कागद जाड आहे, बरा जळेल.

दर पाच वर्षांनी बीजिंगमध्ये पक्षाचे महाअधिवेशन भरते. तिथे एक लांबलचक अहवाल वाचला जातो. मग तो प्रांतात उतरतो, शहरात उतरतो, तालुक्यात उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला एक 'सखोल' आणि एक 'दृढपणे' चिकटत जातो. वरून थेंब पडतो, आमच्यापर्यंत चिखल पोचतो. एका अधिवेशनात 'सुसंवाद' आला, पुढच्यात 'स्वप्न', त्याच्या पुढच्यात 'नवे युग'. दर वेळी भिंती रंगल्या, आणि आदल्या शब्दाचे नाव कोणी काढीना, जसे घरातून पळून गेलेल्या जावयाचे काढत नाहीत.

प्रत्येक अधिकाऱ्याने तो अहवाल स्वतःच्या हाताने वहीत उतरवायचा आणि खाली तारीख, वेळ व आपले 'मनन' लिहायचे, असा दंडक. तपासणीवाले पाने मोजतात. अधिकाऱ्यांना वेळ नसतो, म्हणून मी. अकरा जणांची अकरा अक्षरे मला येत होती. उपसचिवांचे उजवीकडे कललेले, हिशेबनिसाचे मुंगीएवढे, पक्षाचे इथले सचिव थांग यांचे ऐटबाज, शेपट्या सोडलेले. आत्मपरीक्षणाच्या बैठकीसाठी दोषही मीच वाटत असे. 'मी जनतेत पुरेसा मिसळत नाही' हा दोष सर्वांना आवडे, कारण त्याने कोणालाच खरचटत नाही.

कलम ४. सचिव थांग यांना मी एक कोरी वही ठेवत आहे. जेवणात माशाचे डोके मानाच्या कोणत्या पाहुण्याकडे तोंड करून ठेवायचे, यापलीकडे त्यांना मनन करताना मी कधी पाहिले नाही. त्यांच्या नावाने मी लिहिलेली चाळीस पाने तालुक्याच्या प्रदर्शनात काचेखाली होती. एक पान त्यांनी स्वतः लिहून पाहावे. चुकले तरी चालेल.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही.

सन २०१७ च्या अधिवेशनानंतर दोन वाक्ये आमच्या वाट्याला आली. पहिले, निर्मळ पाणी आणि हिरवे डोंगर हीच सोन्याची खाण. दुसरे, सगळ्या मानवजातीचे भवितव्य एक. पहिल्यापायी आमच्याकडे डुकरांची खोपटी पाडली आणि वरचा तलाव काठोकाठ भरून ठेवायचा हुकूम निघाला. तलावाच्या दाराला हात लावायचा तर सचिवांची परवानगी हवी. दुसऱ्या वाक्यापायी परदेशी मित्र हवेसे झाले. म्हणून १४ जून २०१८ रोजी लाओसहून सहा पाहुणे चहाच्या बियांच्या तेलाचा घाणा बघायला आले.

थांग यांनी माझे अकरा पानी भाषण वाचले. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याने दुभाष्याकरवी विचारले, "घाण्याला दिवसाला बिया किती लागतात?" थांग यांनी माझ्याकडे पाहिले. मी पाने उलटली. अकरा पानांत तो आकडा नव्हता. थांग म्हणाले, "आपली मैत्री डोंगराहून उंच आहे." म्हाताऱ्याने ते वहीत लिहून घेतले. त्यालाही घरी कोणाला तरी वही दाखवायची असणार.

नियमाने जेवण चार पदार्थ, एक सूप आणि चाळीस मिनिटे. कागदावर तसेच आहे. प्रत्यक्षात ते भाताच्या दारूसह चार वाजेपर्यंत चालले. बाहेर सकाळपासून पाऊस होता. थांग यांचा फोन माझ्या पिशवीत होता. तो तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी बाहेर जाऊन उचलला. तलावाचा राखणदार रुआन देफू बोलत होता.

"शेनदादा, सचिवांना दे. पाणी बांधाच्या वरच्या दगडाला लागलंय. दार उघडू का, एवढंच विचार."

मी आत जाऊन थांग यांच्या कानात सांगितले. ते म्हणाले, "जेवण झालं की पाहुण्यांना तलाव दाखवायचाय. रिकामी परात दाखवू काय? थांबेल पाऊस." आणि त्यांनी पेला उचलला.

मी फोनवर म्हणालो, "दहा मिनिटं धीर धर."

"हे तू म्हणतोस की ते म्हणतात?"

मी फोन बंद केला.

तीन वीसला बांध फुटला. खालच्या वस्तीतल्या मेई आजी, वय एक्याऐंशी, आपल्या घरात बुडून मेल्या.

तिसऱ्या दिवशी थांग यांनी मला बोलावले. "चौदा तारखेचं मनन राहिलंय बघ. दीड ते चार घाल. पर्यावरणाचा भाग घे." मी त्यांच्या अक्षरात तीन पाने लिहिली, शेपट्यांसकट. चौकशीत ती वही पुढे आली. सचिव त्या वेळी टेबलाशी अभ्यासाला बसलेले, आणि राखणदार दारू पिऊन झोपलेला, असे ठरले. फोनच्या नोंदी मागवाव्यात असे कोणाला सुचले नाही, इतके ते पान सुवाच्य होते. रुआनने सांगितले की त्याचे माझ्याशी बोलणे झाले. मला लेखी विचारले गेले. मी लिहिले, 'असा फोन आल्याचे आठवत नाही.' ते वाक्य मात्र माझ्या अक्षरात आहे. रुआनला तीन वर्षे तुरुंगवास झाला. थांग यांना बढती झाली.

म्हणून मी जबाबदारीने लिहून देतो की चौदा जूनचे ते पान खोटे आहे आणि माझ्या हातचे आहे. रुआन देफू शुद्धीवर होता. त्याने तीनदा फोन केला. थांग यांनी नको म्हटले आणि त्याला थांबायला मी सांगितले. साक्षीदारांसमोर थांग यांच्या अक्षरात चार ओळी लिहून मी सोबत जोडल्या आहेत. ज्याला शंका असेल त्याने पडताळून पाहावे.

~~कलम ६. माझ्या अंत्यविधीच्या वेळी, राख मातीत ठेवण्याआधी, कलम पाच खालच्या वस्तीत मोठ्याने वाचावे.~~

हे कलम मी खोडले आहे. कारण देतो.

काल मी रुआनकडे गेलो. सुटून आल्यापासून तो टोफू करतो. मी त्याला सगळे वाचून दाखवले. त्याने वड्या कापणे थांबवले नाही.

"झालं वाचून?"

"झालं."

"म्हणजे तू मेलास की मी निर्दोष."

"यावेनची नोकरी आहे, देफू. थांग आता तालुक्यात बसतो."

"मेईआजीचा नातू मला बघून रस्ता बदलतो. तीन वर्षं झाली. तिकडं थांगच्या गाडीला हात करतो." त्याने सुरी पुसली. "मेल्यावर सगळेच खरं बोलतात, शेनदादा. तुला अजून तोंड आहे."

घरी येऊन मी यावेनला फोन केला आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, गप्प राहण्याचं कारण माझ्या नावावर टाकू नका. घर टाका."

इतकी वर्षे मी थांग यांना तुच्छ मानले आणि त्यावर माझी गुजराण झाली. आतून तुच्छ मानायला काही मोजावे लागत नाही. तेही एक मननच, कोणाच्या उपयोगी न पडणारे.

कलम ६, नवे. येत्या रविवारी, १४ एप्रिल रोजी, सकाळी नऊ वाजता, मेई यांच्या दारासमोर कलम पाच मी स्वतः वाचेन. एक प्रत त्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या तपासणी कार्यालयात टपालाने जाईल. त्याआधी मी गेलो तर यावेनने वाचावे. तिने हो म्हटले आहे. रुआनला मी बोलावले. तो म्हणाला, "येईन. पुढं उभा राहणार नाही."

ठिकाण: लुओथान. दिनांक: १२ एप्रिल २०२४.

सही: शेन बाइसोंग

साक्षीदार १: भिक्षुणी हुइजिंग. वरील मजकूर व जोडलेल्या चार ओळी माझ्यासमोर लिहिल्या गेल्या.

साक्षीदार २: फांग शिउलान, अंगठा. मला वाचता येत नाही. सगळे वाचून दाखवले. कलम पाच मी दोनदा वाचायला लावले. रविवारी सकाळी दुकान बंद राहील.