पायाखालची फळी

११ मे २००८, रविवार

हे अडकले! सतरा वर्षं विजेच्या खांबांवर चढणारे आमचे हे — झाडावर अडकले!

राजेंद्रभावजींनी गाडी केली होती. लोणावळ्याच्या पुढे डोंगरात पार्क आहे. उंच झाडांना दोर बांधलेत, एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट. आमची मनाली, बारा वर्षांची, सरसर गेली. हे तिच्यामागे. पहिलं झाड ठीक. पुढे लोंबत्या फळ्यांचा पूल. ह्यांनी पाय पुढे टाकला, हवेत फिरवला, मागे घेतला. परत तेच. मग झाडाला मिठीच मारली.

"अरे दादा, लाइनमन ना तू!" भावजी खालून हसत होते. मागे कॉलेजची पोरं खोळंबलेली — "अंकल, जल्दी करो ना यार!"

मी खाली, चपला हातात. कशाला काढल्या कोण जाणे. वर जाता येईना, काय ओरडावं कळेना. वीस मिनिटं! शेवटी पार्कच्या माणसांनी दोराने अलगद खाली सोडलं.

"पप्पा, घाबरलात?" मनालीने विचारलं.

"हो," म्हणाले. बस.

१२ मे, सोमवार

सकाळी लवकर उठले. डबा घेऊन ड्यूटीवर गेले.

१५ मे, गुरुवार

जेवताना एकदम म्हणाले, "माया, मी घाबरलो नव्हतो. समोरचं झाड दिसत होतं. पायाखालची फळी दिसतच नव्हती."

कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून!

"आणि रोज खांबावर चढता?"

"खांब हातांना पाठ आहे."



१९ मे, सोमवार

उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे सिंधी डॉक्टर, शांत. मशीनमध्ये ठिपका चमकला की बटण दाबायचं. हे किती वेळ नुसते बसून होते! मी बाजूला उभी राहून वाट बघत होते — दाबा ना, दाबा ना हो.

"काचबिंदू है, भाभी. जो नजर गयी, वो वापस नहीं आती. राहिलीय ती ड्रॉप्स टाकून सांभाळायची. और चढना बिलकुल बंद."

ह्यांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "ऑफिसात कळता कामा नये. तुला मनालीची शप्पथ."

पोरीची शप्पथ कशाला घालायची!

२३ मे, शुक्रवार

दुपारी वादळ झालं, मार्केटजवळ तार तुटली. भाजी घ्यायला गेले तर खांबावर हेच. खाली सदूभाऊ, ह्यांचे जुने जोडीदार. ओरडत होते — "महेंद्र, डावा पाय! अजून खाली! हां, टेकव!"

म्हणजे त्यांना माहीत आहे!

पिशवी धरून उभी राहिले. हाक मारली आणि दचकले तर? श्वाससुद्धा जपून घेत होते. हे खाली उतरल्यावर मी सदूभाऊंना बाजूला घेतलं. "काय करू वहिनी? पाय धरले त्याने माझे," म्हणाले, आणि डोळे पुसले.

घरी मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणाले, "मग काय करू? टेबलावर बसून तक्रारी लिहून घेऊ? सतरा वर्षं लोक मान वर करून मला हाक मारतात, माया."

ड्रॉप्स टाकले. तेवढ्यापुरते मुकाट पडून राहतात.

२६ मे, सोमवार

आज ह्यांच्या ऑफिसात गेले. डॉक्टरांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. "महेंद्रनेच पाठवलं ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. उद्यापासून ह्यांना खांब बंद. ह्यांना अजून माहीत नाही.