सांडशी कुणाच्या हातात

वराळे,
रविवार

प्रिय इब्राहिम,

बघा, लिहिलं नाव. नूर झाल्यापासून तुम्हाला 'नूरचे अब्बा' म्हणत आले, समोर असलात तर नुसतं 'अहो'. पण नवाज म्हणाला, "भाभी, मस्कतच्या आमच्या खोलीत नूरचे अब्बा दोघं आहेत, पाकिटावर नीट नाव घाला." तो सुट्टी संपवून गुरुवारी परत निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते आहे. फोन आहेच, पण फोनवर तुम्ही "सगळं ठीक" म्हणता, मी "सगळं ठीक" म्हणते आणि मग आवाज तुटायला लागतो. पुढच्या महिन्यात तुम्ही कायमचे परत येणार होतात. मुदत अजून एक वर्ष वाढवून मागितली, हे तुम्ही नळाला पाणी येतं का विचारता विचारता सांगून टाकलंत. त्या दिवशी मी काही बोलले नाही. आज बोलणार आहे. पण आधी दुकानाचं ऐका, कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते दुकान आता राहिलेलं नाही.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, भट्टीवर पत्रा टाकून ठेव, विळ्या-कोयत्यांना धार लावून देत जा, बाकी कुणी आलं तर तळेगावला पाठव. पहिले काही महिने मी तसंच केलं. मग एक दिवस भिमाजी आबा आले. तुमच्याशिवाय ज्यांनी आपल्या लोखंडाला कुणाला हात लावू दिला नाही, तेच ते. तुम्ही परदेशी गेल्याचं त्यांच्या कानावरच नव्हतं. पहार भिंतीला टेकवली, "टोक काढून ठिवा" म्हणाले आणि बांधाकडं चालायला लागले. पहार घासून बोटासारखी गोल झाली होती. दोन दिवस ती तिथंच उभी, येता-जाता माझ्याकडं बघते आहे असं वाटायचं. शेवटी मी पत्रा काढला, कोळसा पेटवला, भात्याचं चाक फिरवलं. पहार पिवळी झाली. तिचं थंड टोक पाण्याच्या ड्रमवर टेकवलं, तापलेलं टोक ऐरणीवर घेतलं आणि सवयीनं घण उचलून उभी राहिले. उभीच राहिले. हसाल तुम्ही. मी तुमच्या हातोडीच्या टकटकीची वाट बघत होते.

लोखंड डोळ्यांसमोर लाल झालं, मग काळं पडलं, आणि मी आपली घण धरून उभी. तुमची हातोडी जिथं टेकायची तिथं माझा घण पडायचा, मोकळ्या ऐरणीवर टक वाजलं की थांबायचा. माझा घाव चुकत नाही हे तुम्ही अभिमानानं चारचौघांत सांगायचात. पण घाव कुठं घालायचा हे मी आयुष्यात एकदाही ठरवलं नव्हतं. तुमचे वडील म्हणायचे ना, ज्याच्या हातात सांडशी तो लोहार, घण काय, रेडाही मारील. इतकी वर्षं ते ऐकून मी हसत आले. त्या दिवशी नाही हसू आलं. घण खाली ठेवला आणि खिळ्यावरची तुमची हातोडी काढली.

आणि मग फजिती. एका हातानं पहार वळवायची, दुसऱ्यानं हातोडी मारायची, एवढ्या जाड लोखंडावर हातोडी म्हणजे दगडावर टाळी. दाराशी सावित्राबाई बसली होती. डोंगरावरच्या वाडीतून लाकूडफाटा घेऊन उतरायची ती. हल्ली इथल्या बिल्डिंगांच्या कामावर मजुरीला येते. कोयत्याला धार लावून घ्यायला आली होती, ते सोडून माझा तमाशा बघत राहिली. शेवटी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "अगं बाई, लोखंडाला गुदगुल्या करतीस व्हय? दे तो घण हिकडं. कुटं मारू त्येवढं दाव, मारायचं माज्यावर सोड." पहिला घाव तिनं थेट ऐरणीवर घातला, हात झिणझिणले तशी घणालाच शिवी हासडली. दुसरा पहारीवर पडला. चौथ्या-पाचव्या घावानंतर माझी टकटक आणि तिचा घण एका तालात यायला लागले. माझ्या हातोडीमागून कुणाचा तरी घण चालत होता. तुम्हाला हे रोजचंच होतं. मला ते पहिल्यांदा मिळालं, आणि खरं सांगते, पोरीचा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

भिमाजी आबा पहार न्यायला आले, टोकावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "इब्राहिम कवा आला?" मी म्हटलं, आले नाहीत. "मग ह्ये कुनी केलं?" मी तोंड उघडायच्या आत सावित्राबाई म्हणाली, "म्या आन् बाईनं. का, वाकडं दिसतंय?" आबा म्हणाले, "वाकडं न्हाई, त्येच तर म्हनतोय." एवढंच बोलून गेले. दुसऱ्या दिवशी एक कुदळ पाठवली, मग मेव्हण्याचा फाळ, मग शेजाऱ्याच्या दोन कुऱ्हाडी. मला परीक्षेला बसवल्यासारखं चाललं होतं. कुऱ्हाडींनंतर म्हणे त्यांनी पारावर सांगितलं, "कामाला खोट न्हाई. आता खुशाल जावा." शिरगावला मंदिराबाहेर बसणाऱ्या नारळवाल्यांनी नारळ सोलायचे सुळे करून नेले, ते बघून त्यांच्या शेजारचेही यायला लागले.

आता शनिवारच्या मंडळींचं सांगते, नूरनं तुम्हाला फोटो पाठवले असतील. लोणावळ्याची आरती, दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर दात, सुट्टीला लोखंड. तिनं ऑनलाइन मागवलेली चकचकीत निळी ऐरण स्कूटरवर पायाशी ठेवून आणली होती, पहिल्याच दिवशी कड उडाली म्हणून. मी तुमच्या डबीतला बेअरिंगचा छर्रा त्या ऐरणीवर सोडला, तो मेल्यासारखा पडून राहिला. आपल्या ऐरणीवर सोडला, तो उडून पुन्हा हाताशी आला. ओतलेल्या बिडाच्या ऐरणीला जीव नसतो, हातोडीच तुमचा हात थकवते, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, "ताई, अजून सांगा." पुढच्या शनिवारी तिच्यासारखेच आणखी चौघं आले. कुणी बँकेत आहे, कुणी कॉम्प्युटरवर. घरामागं छोटी भट्टी करायची आणि आपल्या हातानं एक आकडा, एक सुरी घडवायची, एवढंच त्यांना हवं असतं. मला ते फार आवडतं हो. पोटासाठी नाही, नुसत्या मायेनं कुणी लोखंडाकडं येतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

काय काय सांगते त्यांना, ते ऐकून चूक असेल तर कळवा. ऐरणीशेजारी सरळ उभं राहून मूठ खाली सोडायची, बोटांचे सांधे टेकतील तेवढी ऐरण उंच. घणासाठी त्याहून थोडी खाली. मोठ्या ऐरणीचा हट्ट नको, भंगारवाल्याकडून पावतीनिशी घेतलेला रुळाचा तुकडा चालतो. तो आडवा न ठेवता उभा रोवायचा, म्हणजे घावाखाली वजन जास्त येतं. हे आरतीनं शोधून काढलं, मी ते सगळ्यांना तिच्या नावानं सांगते, बहुतेक वेळा. जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालायचा नाही, त्याच्या धुरानं माणूस तापानं फणफणतो. अंगात सुती कपडे, नायलॉनचा धागासुद्धा नको. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता केला तर तो तापवून तेलात बुडवायचा, पाण्यात तडकतो. मग कानशीनं घासून पुन्हा हलकं तापवायचं, वाळल्या गवताचा रंग येतो, मग तपकिरी, आणि वांग्याचा रंग धारेकडं सरकायला लागला की थांबायचं. आरतीनं मला चष्मा लावायची शिस्त लावली, आता माझ्या डोळ्यांत ठिणग्या जात नाहीत. सावित्राबाईचं शिकवणं वेगळं. थंड लोखंड बडवणाऱ्या बँकवाल्याला ती म्हणाली, "दादा, आता मारतूस त्ये काय शेजारच्याला उठवायला?" तो बिचारा इतका हसला की सांडशीच सोडून दिली. त्यावर पुन्हा बोलणी खाल्ली.

आता तुमचं. ईदपासून बघते आहे, फोनवर तुमचा चेहरा दिसतो, मागची भिंत दिसते, उजवा हात दिसतो. डावा दिसत नाही. नूरनं अंगठी दाखवा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, कामावर काढून ठेवतो. नवाज आला तेव्हा मी चहा दिला आणि भाईंचं कसं आहे विचारलं. तो बशीकडं बघत म्हणाला, "एकदम मजेत." मी म्हटलं, कुठला हात? त्याच्या तोंडून निघून गेलं, "डावा." मग सगळं सांगितलं. रागावू नका त्याच्यावर, सावित्राबाई घण घेऊन शेजारीच उभी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यंत्रात गेलं, यार्डवाल्यांनी तुम्हाला काम सोडवून गेटवर राखणीला बसवलं, आणि तुम्ही त्याला म्हणालात, सांडशी धरता येत नाही तो लोहार कसला, घरी जाऊन करू काय? रडायचं ते माझं रडून झालं, ते इथं लिहीत नाही. राग आला तो मात्र लिहिते. हात तुमचा गेला, आणि मुदत वाढवून तुम्ही माझं एक वर्ष नेणार होतात.

दुसऱ्या दिवशी मी सांडशी करायला घेतली. नवशिक्यांना वाटतं ती मुठीच्या जोरावर धरायची असते. मी दर शनिवारी सांगते की तोंड लोखंडाला नीट बसलं आणि दांड्यांवर कडी सरकवली, की सांडशी स्वतःच धरून राहते, हातानं फक्त वळवायचं. परक्यांना शिकवत बसले आणि माझ्याच घरातला माणूस तिकडं गेटवर बसून हे विसरला. आरतीनं नवाजची ती दोन बोटं चिकटपट्टीनं तळहाताशी बांधली आणि त्याला ऐरणीपुढं उभा केला. पहिली सांडशी वळवताना फिरली. दुसरी जड झाली. तिसरीला, जिथं बोटं नाहीत तिथं तळहाताला टेकेल असा दांडीला बाक दिला. ती विमानात बरोबर घेऊ देत नाहीत, आणि देत असते तरी मी पाठवली नसती. तुम्ही तिच्याकडं यायचं. मुदतीच्या कागदावर अजून सही झाली नाही असं नवाज म्हणतो. करू नका. इथं दोन गोष्टी मात्र बदलल्यात, त्या आधीच सांगते. घण सावित्राबाईचा आहे, तो ती मलाही देत नाही. आणि माझी सांडशी मी परत करणार नाही. सकाळी माझी भट्टी, दुपारी तुमची, एकाचं काम चालू असेल तेव्हा दुसऱ्यानं भात्यावर बसायचं. जमेल का, अशी शंका तिकडं बसून काढू नका. नवाजनं त्या बांधलेल्या हातानं अख्खी दुपार तापलेली कुदळ धरली, सावित्राबाईनं वरून घण घातला, एकदाही सुटली नाही. आणि त्याला तर आपलं काम येतसुद्धा नाही.

तुमचीच,
शहिस्ता