हेडिंग एक्केचाळीस

२ नोव्हेंबर, रविवार
नात मृण्मयी हिने फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळाडू म्हणून उतरवले आहे. सेंटर-फॉरवर्ड; प्रत्यक्ष मैदानावरही तीच जागा. गुणांचे आकडे मात्र मी भरावेत, असा आग्रह. "मी भरले तर सगळीकडे नव्व्याण्णव टाकीन. तुम्ही रोज मैदानाच्या कट्ट्यावरून बघताच की. माकडटोपीवरून ओळखलं मी."

मैदानावर मी आजवर एकदाही गेलेलो नाही. माकडटोपीतले ते गृहस्थ कोण, ठाऊक नाही. परंतु मी खोटे बोललो नाही; केवळ खंडन केले नाही. पत्नी सरोजिनी मेथी निवडता निवडता माझ्याकडे पाहत राहिली.

फिनिशिंग चौऱ्याऐंशी, पेस एकोणऐंशी. गेममध्ये एकूण गुण मर्यादित; कोठून तरी कापणे भाग होते. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, कापले. मस्तक विचारासाठी असते. एक्केचाळीस.

संकल्प: उद्यापासून पहाटे मैदान. आकडे आपोआप प्रमाणसिद्ध होतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गेलो नाही. थंडी. शिवाय गुडघा. (गुडघा हे स्वतंत्र कारण आहे; थंडीशी त्याचा संबंध नाही.)

मृण्मयी कॉलेजात असताना गेम खेळून पाहिला. गेममधल्या मृण्मयीचे झाडून सारे हेडर गोलच्या बारवरून गेले. म्हणजे एक्केचाळीस हा आकडा अचूक होता. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवल्याचे सार्थक वाटले.

९ नोव्हेंबर, रविवार
पुढल्या रविवारी जिल्हा संघाची निवड. जेवताना मृण्मयीने विचारले, "आजोबा, माझं हेडिंग खरंच इतकं वाईट आहे? कोच सर तर चांगलं म्हणतात." निरीक्षणाअंती हाच निष्कर्ष, असे मी सांगितले. तिने मान डोलावली. "सर सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. तुम्ही उगाच गोड बोलत नाही."

'निरीक्षण' हा शब्द टाळायला हवा होता. आमटीची चव लागली नाही. सरोजिनी म्हणाली, मैदान दहा मिनिटांवर आहे, रिक्षाही मिळते. मी संदर्भ विचारला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दीपमाला आली होती. मखमलाबादची, घरची फुलशेती. संघात विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, मृण्मयीला उंच क्रॉस देणारी. "आजोबा, हिला काय झालंय? मी एवढा मापात बॉल टाकते, अन् ही डोकं लावतच नाय. वाकते. लय बॉल वाया चाललेत." विचारी खेळाडू मस्तक जपून वापरतो, असे मी समजावले. "मग बुद्धिबळ खेळ म्हणावं तिला," असे म्हणून ती गेली.

नंतर ध्यानात आले. आकडा मी ठरवला. त्या आकड्यावर गेम चालला. गेमने तोच आकडा सिद्ध केला. याला आत्माश्रय म्हणतात. याच दोषापायी मी विद्यार्थी नापास केले आहेत.

सांगायलाच हवे. परंतु निवडीपूर्वी सांगणे म्हणजे तिचे चित्त विचलित करणे. निवडीनंतर सांगेन. तूर्त गेममध्ये इतर गुण कापून हेडिंग गुपचूप अठ्ठ्याऐंशी केले. अपराधाचे अंशतः परिमार्जन.

तिने या आठवड्यात गेम उघडलेला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही, माझ्या उपस्थितीचे दडपण नको.

दीपमालाची निवड झाली. मृण्मयी राखीव. गोल मोकळा, क्रॉस कपाळाच्या उंचीवर, आणि ही वाकली म्हणे. घरी बूट काढताना मला म्हणाली, "बरं झालं तुम्ही आधीच सांगितलंत. मी सेंटर-फॉरवर्ड सोडते. सरांना सांगते, बचावात कुठेतरी उभं करा."

मी काहीच बोललो नाही. तिने तो दुजोरा मानला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सांगितले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण असा पाचही अवयवांचा युक्तिवाद तयार होता. प्रतिज्ञेवरच अडलो. आकडा मनाचा होता, मी कधीच आलो नव्हतो, ती माकडटोपी माझी नव्हे. एवढेच बोलता आले.

ती बराच वेळ बुटाची लेस बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांना रोज हात करायचे." आणि थोड्या वेळाने, "तेही करायचे."

सरोजिनी म्हणाली, "निदान त्यांनी तरी पोरीला पाहिलं."

निजायला जाताना मृण्मयी दारात थांबली. "रविवारी या. स्वतः बघा आणि आकडा सांगा. तोवर सरांना काही सांगत नाही."

२३ नोव्हेंबर, रविवार
गेलो. माकडटोपीतले गृहस्थ कट्ट्यावर होते. काही न विचारता सरकले आणि जागा दिली. परंतु मृण्मयीने मला नेऊन थेट गोलच्या जाळीमागे उभे केले. "इथून सगळं दिसतं."

दीपमालाने क्रॉस टाकला. मृण्मयी उडाली. चेंडू आता माझ्याच तोंडाच्या दिशेने येणार, हे उघड होते. मध्ये जाळी होती. जाळी चेंडू अडवते, हे मला तत्त्वतः मान्य होते. डोळे मिटले गेले.

कट्ट्यावरून टाळ्या ऐकू आल्या. जेथे टाळ्या, तेथे गोल. डोळे उघडले तेव्हा ती जाळीला धरून समोर उभी होती, कपाळाला माती.

"पाहिलंत ना, आजोबा? किती?"

"पाहिले," मी म्हणालो. "नव्वद."

ती धावत आपल्या जागेवर गेली, सेंटर-फॉरवर्डच्या.

गोल कसा झाला, ते परतताना त्या गृहस्थांना विचारून घेतले.