माझं अध्यक्षीय मत

सोमवार, ४
मी सुधारक आहे. कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं, म्हणून मीच लिहितोय. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, तुमची लेक ईश्वरविज्ञान शिकून आलीय, रविवारचा उपदेश तिलाच करू द्या. आजवर आमच्या व्यासपीठावर बाई चढली ती झाडायला. शुक्रवारी चर्चची पंच कमिटी मत देणार. मतं दोन-दोन झाली तर निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे माझं. लेकीला सांगितलं, बिनधास्त तयारी कर.

मंगळवार, ५
खजिनदार घरी येऊन तणतणला. आज उपदेश, उद्या प्रभुभोजनाची पवित्र भाकरही बायकाच वाढतील म्हणाला. सडेतोड उत्तर देणार होतो, पण पाहुणा पडला. आतून बायको म्हणाली, घरी तुम्हाला कोण वाढतं? तो चहा न घेताच उठला. बायकोला वेळ कळत नाही.

प्रार्थना केली: प्रभू, तुझी इच्छा असेल तर खूण दे. खजिनदाराचं मन बदल. (तो बदलायचा नाही.)

बुधवार, ६
खजिनदार बदलला! त्याच्या बायकोने बदलला म्हणे. म्हणजे आता मतं दोन-दोन होणार. हा माणूस ऐन वेळी असा दगा देईल असं वाटलं नव्हतं. असो. बायबलातल्या गिदोनानेही देवाकडे दोनदा खूण मागितली होती. मीही मागितली: लेकीचा उपदेश ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी येऊ दे.

गुरुवार, ७
दाराआडून तिची तालीम ऐकली. प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्याची बातमी आधी बायकांना मिळाली, आणि शिष्यांनी ती बडबड समजून सोडून दिली, यावर बोलत होती. रडलो. पण मला सर्दी आहे, त्यामुळे ती खूण धरता येत नाही.

जेवताना तिने सांगितलं, दुसऱ्या शहरातल्या चर्चची मंडळी तिला उपदेशक म्हणून बोलावतेय. शनिवारपर्यंत कळवायचंय. इथे होकार मिळाला तर जाणार नाही. म्हटलं, मी आहे ना!

शुक्रवार, ८. संध्याकाळ
दोन-दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दार उघडं, बाहेर बाकावर लेक. शब्द ओठांवर होता. म्हणालो, आधी प्रार्थना करू. प्रार्थना फार सुंदर झाली, पण आमेन म्हणायचा धीर होईना. शेवटी पाळकसाहेबांनीच आमेन म्हटलं. मी विषय पुढच्या बैठकीत ढकलला. कुणीही दुखावलं नाही. बाहेर बाक रिकामा होता. तिला उकडलं असेल.

शनिवार, ९
ती निघाली. बसपाशी म्हणाली, बाबा, कमिटी राहू दे, तुम्हाला काय वाटतं? अध्यक्षाने तटस्थ राहावं असं मी समजावलं. तिने मान हलवली. बसही वेळेवर सुटली.

रविवार, १७
तिचा तिकडचा पहिला उपदेश बायकोने फोनवर ऐकला, आतून कडी लावून. माझं नाव निघालं का, विचारलं. निघालं म्हणाली. लेकीने सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या बाबांनी मला कधीच ‘नाही’ म्हटलं नाही.

ऐकून छाती फुगली. खजिनदाराला फोन करून सांगितलं. पाळकसाहेबांनाही सांगितलं.

मग जेवायला बसलो. त्या वाक्याच्या पुढे ‘हो म्हटलं’ असं काही ती म्हणाली का, असं बायकोला विचारलं. पुढे काही नाही म्हणाली. घास तोंडातच फिरत राहिला.