सिंकची उंची

मंगळवार, भोकरदन

गॅरेजातलं सिंक बसलं एकदाचं. आता गाडीचं काम झालं की ग्रीसचे हात घेऊन स्वयंपाकघरात जायला नको. पण त्या उंचीचा विचार काही डोक्यातून जाईना.

प्लंबरनं भिंतीवर बरीच खाली खूण केल्ती. बादली उचलायला सोपं पडतं, म्हणे. बराबरच होतं त्याचं. मी हो म्हणणार, तेवढ्यात माझे सासरे, आबा, काठी टेकत आले.

"वाकावं लागंल."

"थोडंसंच, आबा," प्लंबर म्हणला.

"थोडंबी न्हाई. या घरात पाण्यासाठी कोणी वाकणार न्हाई."

लहानपणी गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नव्हते. कोणीतरी वरून पाणी ओतायचं, आबा खाली वाकून ओंजळ धरायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय.

मंग मीच ती खूण पुसली. आबांना भिंतीजवळ उभं केलं आणि त्यांच्या कोपराच्या जरा खाली नवी खूण केली. प्लंबरचं ऐकायला पाहिजे होतं का? भरली बादली उचलून माझी कंबर दुखणार, बिलकुल दुखणार. दुखू दे. उंची बराबर आहे.

संध्याकाळी आबांनी काठी भिंतीला लावली आणि ताठ उभं राहून सावकाश हात धुतले. हात स्वच्छच होते.