मशीन एकदाच विचारतं

सोम., ५ जाने.

पुण्याहून अन्वय आला. मशीनच्या कंपनीतला 'प्रमुख' म्हणे. वय तिशीच्या आत, दाढी ऋषीची, अक्कल... जाऊ दे. वर्धा स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "मॅम, इथे चांगली कॉफी कुठे मिळते?" म्हटलं, पुण्यात.

सकाळभर दवाखान्यात मीटिंग. नोंदणीचं मशीन ओपीडीच्या दाराशी बसवलंय. नाव-गाव दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते, ती घेऊन डॉक्टरकडे. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात आणि एक गोड बाई बोलते, "मदत हवी आहे का?" हो दाबलं तर दिवा लागतो, बाजूच्या स्टुलावरची मदतनीस उठते. नको दाबलं तर तुमचं तुम्ही. जवळजवळ सगळे 'नको' दाबतात. यावरून अन्वयचा शोध: इथला युजर आत्मविश्वासू आहे! व्यवस्थापक हुरळले. मदत कोणालाच नको, मग स्टूल कशाला? पुढच्या महिन्यापासून ते पद बंद. फक्त सल्लागार म्हणून माझा अहवाल हवाय, सहीसकट.

"मॅम, हे सगळं तुमच्याच रूलवर उभं आहे," अन्वय सगळ्यांसमोर म्हणाला.

नियम म्हणजे, एकदाच विचारा. माणूस नको म्हणाला की यंत्राने गप्प बसावं. अख्ख्या नोकरीत या एका वाक्यावर भाकरी खाल्ली मी. मानसशास्त्र शिकले, माणसाचं आणि कॉम्प्युटरचं कुठे बिनसतं ते शोधण्यात बंगलोरला केस पांढरे केले, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. फेब्रुवारीत एका परिषदेत माझं उद्घाटनाचं भाषण आहे, तेही त्यावरच. तरी चालेल. काहींचं तेवढंही राहत नाही.

बुध., ७ जाने.

मशीनपासून जरा लांब बाकावर बसून निरीक्षण. स्टुलावरची बाई रंजना. दिवसभर मोबाइलवर रील. पेशंटशी बोलते ते ऐकवत नाही.

एक गोष्ट विचित्र. लोक 'नको' दाबतात आणि पुढे काहीच करत नाहीत. उभे राहतात. हात जोडल्यासारखे पुढे घेऊन, पडद्याकडे बघत. जेवणाच्या पंगतीत वाढपी यायची वाट बघावी तसे. मग रंजना ओरडते, "ओ आजी, काऊन खांबावानी उभ्या आहा? सरका, मी करून देतो." आजी खूश. चिठ्ठी निघते. मशीनच्या हिशेबी ती चिठ्ठी आजीने स्वतः काढली. वा रे डेटा.

रंजनाला विचारलं, त्यांनी नको दाबलंय, मग तू का उठतेस?

"समोर उभे राह्यते ना मॅडम. उजेड अडते माहा."

म्हणजे सेवाभाव वगैरे काही नाही. स्टूल जाणार हे तिला माहीत आहे, दुःख शून्य. तिला औषधाच्या काउंटरवर बदली हवीय, तिथे एसी आहे.

वहीत लिहिलं: 'संभ्रम? वाचनाचा वेग? निर्णयाचा ताण?' इतकी वर्षं हेच शब्द. रिकाम्या डब्यासारखे वाजतात.

गुरु., ८ जाने.

रंजना चहाला गेली होती. एक म्हातारी आली, एका पायाला पट्टी, चप्पल हातात. सोबत कोणी नाही. मशीनने विचारलं. तिने बोट नीट पुसून 'नको' दाबलं. उभी राहिली. बराच वेळ. मागे रांग वाढली, मागच्याने बाजूने हात घालून स्वतःची चिठ्ठी काढली. ती पडद्याकडे बघतेय. मग तिने पदर सारखा केला आणि वळून सरळ बाहेर. फाटकातून लंगडत. बसस्टॉपकडे.

मी उठले नाही. निरीक्षकाने मध्ये पडायचं नसतं. हे मीच हाताखालच्या पोरांना शिकवलं. मराठी वाचणारी बाई, बोट बरोबर जागी पडलं, आणि डॉक्टरला न भेटता घरी. माझ्या कोणत्याच खान्यात ती बसत नाही. अन्वयचा खाना तयार असतो, अशांना तो 'नुसते बघे' म्हणतो.

रंजना आल्यावर म्हणाली, "पट्टी? वडनेरची गिरजाबाई असन. साखर हाय तिले, पाय चिघळला. दर आठवड्याले येते." मग माझ्याकडे बघून, "तुमी होत्या ना इथं?"

हो, होते. बसले होते.

शनि., १० जाने.

जुन्या केसपेपरवर गिरजाबाईच्या सुनेचा नंबर मिळाला. फोन केला. सून वैशाली, तिने म्हातारीला दिला.

का परत गेलात?

"मशीननं इचारलं, मदत पायजे का. म्या म्हटलं, नको. पयल्या खेपेस कोनी हो म्हनते का बाई? मंग ते गपच बसलं. पुन्यांदा इचारलंच नाई."

मग स्वतःच दाबायचं ना पुढे.

"काऊन दाबू? ज्याले आपली गरज नाई त्याच्या दारी काय उभं राह्याचं. मान नाई तिथं औषध बी लागत नाई."

फोन ठेवून मी खो खो हसले. पाय सडतोय आणि बाईला मान हवा, तोही पत्र्याच्या पेटीकडून! पेटीने आग्रह करायचा: घ्या हो मदत, थोडीशी तरी घ्या, माझी शपथ. हेच ते आपले लोक. मनात हो, तोंडाने नको, आणि समोरच्याने ओळखायचं. लग्नाच्या पंगतीत पानावर आडवा हात धरायचा आणि बोटांत फट ठेवायची. या ढोंगाचा मला लहानपणापासून तिटकारा. नियम त्या तिटकाऱ्यातूनच निघाला, कुठल्या प्रयोगातून नाही. प्रयोग मागाहून बसवले.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

बुध., १४ जाने.

संक्रांत. देवळीला दादाकडे. वहिनीने तिळाच्या पोळ्या केल्या होत्या, वर तुपाची धार. बायका हळदीकुंकवाला. सगळ्यांना वहिनीचा आग्रह चालू, 'घ्या नं, एवढ्यानं काय होते.' माझ्या पानाशी आली, "शैला, अजून एक देऊ?"

"नको."

डबा घेऊन पुढे गेली.

मी वाट बघत बसले. खरंच बसले. ती शेजारच्या काकूंच्या मागे लागली, तिसरी पोळी वाढूनच थांबली. नंतर स्वयंपाकघरात मी म्हटलं, मला नाही दिलीस ती. वहिनी म्हणाली, "तुलेच आवडत नाई ना बाप्पा आग्रह. केवढी भांडली होती माह्याशी. तवापासून तुले मी एकदाच इचारतो."

किती वर्षं? माझ्या ध्यानातही आलं नाही. वाटायचं वहिनीचा माझ्यावर जीव नाही, आणि मी तिला आतल्या गाठीची म्हणत आले. पोळीसाठी डोळ्यात पाणी आलं, या वयात. कोणाला सांगितलं तर दात काढतील. अपमान वाटला. अगदी तोच, गिरजाबाईचा.

मात्र वहिनीचं जिंकणं मला सहन होत नाही. तिला काही सांगितलं नाही. पोळी मागूनही घेतली नाही.

शुक्र., १६ जाने.

अन्वयशी व्हिडिओ कॉल. म्हटलं, मशीनने दुसऱ्यांदा विचारायला हवं, आणि स्टूल काढू नका.

"पण मॅम, दोनदा विचारणं म्हणजे युजरवर दबाव. तुमच्याच रिसर्च पेपरमध्ये आहे." पेपर उघडून मला माझीच वाक्यं वाचून दाखवली. उच्चार चांगले आहेत त्याचे. माझं लिखाण इतकं ठणठणीत वाजतं हे माहीत नव्हतं. शंकेला जागाच नाही कुठे. असल्या बाईशी मी स्वतः वाद घातला नसता.

म्हटलं, इथली रीत वेगळी आहे.

"मग अहवालात लिहाल का, की तुमचा रूल इथे चुकतो? तुमच्या नावाने? कारण व्यवस्थापक माझं ऐकणार नाहीत, आणि परिषदवाल्यांनाही कळेलच." चेहरा निरागस. मुद्दाम म्हणाला की सहज, कळलं नाही. बहुधा सहज. कपटाला लागतं तेवढं डोकं त्याला नाही.

शनि., १७ जाने.

अहवाल लिहायला बसले. 'नको या उत्तराचा अर्थ नकार असा घेणे...' पुढे जाईना.

नियमाने लोकांचं भलंही केलंय, हे खोटं नाही. कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून फोनवर छळणारी यंत्रं त्या वाक्याच्या धाकाने गप्प झाली. बायकांनी मला पत्रं लिहिली, की कोणीतरी आमचं नाही हे नाही म्हणून ऐकलं. मग त्या बायकांना काय सांगू? तुमचं नाही खरं, आणि वडनेरच्या गिरजाबाईचं खोटं? कोण ठरवणार, अन्वय?

सही केली तर भाषण, मान, पुढचं काम. रंजना एसीत. गिरजाबाई घरी, पाय घेऊन.

सही केली नाही.

सोम., १९ जाने.

वडनेरला गेले. दया म्हणून नव्हे, तपासायला. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतून गाडी ठरवली; हायवेभर कापसाच्या गाड्या, ड्रायव्हर सुरेशची अखंड बडबड.

गिरजाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. पट्टी तीच, मळलेली. बोटाची कड काळी पडायला लागलीय, मला कळतं एवढं. म्हटलं, दवाखान्यात चला, गाडी आणलीय.

"नको. बरं हाय आता."

दुसऱ्यांदा विचारलं. कधी केलेलंच नाही हे काम.

"नको म्हटलं ना बाई."

तिसऱ्यांदा. ती उठली, चहा टाकला, गावातल्या कोणाकोणाच्या गोष्टी सांगितल्या. पायाचा विषय नाही. मला काय हवंय ते तिला चांगलं माहीत होतं. खेळवत होती का? की तिच्या लेखी विषयच संपला होता? परत आले. वाटेत तिचा इतका राग आला की सुरेशला गप्प बसायला सांगितलं.

बुध., २१ जाने.

अन्वयची मेल. 'मॅम, विचार केला. तुमचं बरोबर असू शकतं. मशीन पुन्हा विचारेल, आवाज जरा प्रेमळ करू. मग स्टुलाची गरजच राहत नाही. फक्त आकडा द्या. दोनदा? तीनदा? इंजिनिअरला आकडा लागतो.'

प्रेमळ आवाज. आकडा.

यापेक्षा तो मूर्ख होता तेच बरं होतं. उत्तर दिलं नाही. माझ्याकडे आकडा असता तर वडनेरहून रिकामी गाडी आणली असती का?

गुरु., २२ जाने.

गाडीत बसून लिहितेय, वडनेर. अक्षर वाईट.

आज घरात मुलगाही होता. मी पुन्हा सुरुवात केली, चला, फक्त पट्टी बदलून आणू, संध्याकाळच्या आत परत सोडते. म्हातारी नको म्हणाली. पुन्हा म्हटलं. मुलगा भडकला, "माय नाई म्हनते म्हंजे नाई. कायले तरास देता तिले? तोडाचं म्हनतीन बोट, म्हून भेते ते." सून वैशाली मला बाजूला घेऊन हळूच, "त्याइचं आयकू नका. तुमी म्हनत रायजा मॅडम. माय असंच करते, मंग येते."

एकाच घरात दोन तज्ज्ञ. दोघांनी जन्म काढलाय तिच्याजवळ आणि दोघांची मतं उलटी. मी तर परवाची पाहुणी.

मुलाचं खरं असेल तर मी त्या कर्जवाल्या यंत्राहून वाईट आहे. निदान ते दारात गाडी घेऊन येत नाही. सुनेचं खरं असेल तर आत्ता थांबणं म्हणजे दुसऱ्यांदा त्या बाकावर बसून राहणं.

मी ओट्यावर तिच्याजवळ बसले, म्हटलं, गिरजाबाई, मला येत नाही हे. किती वेळा म्हणायचं मला कळत नाही. भीती वाटते तुमच्या पायाची. चला ना.

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट. हातातलं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लंगडत आत गेली. मुलगा माझ्याकडे बघेना. वैशाली तिच्या मागे आत. मी गाडीत येऊन बसले.

लुगडं बदलायला गेली की तोंड चुकवायला, कळत नाही. आतून आवाज नाही. दार लावलेलं नाही अजून.

सुरेशने गाडी सुरू केली, म्हणाला, "मॅडम, निघू का?"

त्याला गाडी बंद करायला सांगितली.