हसलीवरची पराई गाठ

३ नोव्हें., सोमवार
मी सांगते, नात नसरीन लिहिते. मले अक्षर येत नाही, शंका येते.
मायची गळ्यातली चांदीची हसली आज संस्थेत रहन, म्हणजे गहाण ठेवली. नसरीनच्या नर्सिंगच्या फीचा पहिला हप्ता भरला. संस्था बिनब्याजी. घेते ते फक्त चीज सांभाळायचे पैसे. तिथले मॅनेजर करीमभाई. त्याह्यले इचारलं, "अर्धेच पैसे उचलले तं सांभाळणावळ अर्धी?"
"नाही खाला. जागा तेवढीच लागते. पैशावर लावली तं ते ब्याजच झालं."
इतका बरोबर जवाब पाठ केल्यावरच येते.
कागदावर अंगठा देला. अन् वजन झाल्यावर हसलीची दोन तोंडं लाल धाग्यानं बांधली. तीन गाठी. ही माही खरी सही.

९ नोव्हें., रविवार
लग्नात करीमभाईची बायको जुबेदा भेटली. मले पाहताच ओढणी हनुवटीपर्यंत.
"काऊन वं, थंडी?"
"गळा दुखून राह्यला, खाला."
दुखऱ्या गळ्यानं दोन प्लेटा बिर्याणी खाल्ली. ओढणी तशीच.

१० नोव्हें., सोमवार
हसली पाहायले गेली. मालकाले कधीबी पाहता येते. करीमभाईनं लगेच काढली. धागा तोच, गाठी तीन. पण मी डावखुरी. माही गाठ उलट्या अंगानं बसते.
"धागा तुमचाच ना, खाला?"
"धागा माहा. गाठ पराई."
"वजन करताना सोडला असन कोणी."
वजन तं आधीच झालं होतं, माह्यासमोर. हसली परत त्याच्या हाती देली. दुसरा हप्ता जानेवारीत. तोबी याच दारातून आणायचा.

१४ नोव्हें., शुक्रवार
संस्थेत काय हलाल, काय हराम, ते मौलवीसाब पाहतात. नाव न घेता इचारलं, रहनची चीज ठेवणाऱ्याच्या घरी कोणी अंगावर घातली तं?
"तेबी ब्याजच, अम्मा."
"मालकीण जाणून गप राह्यली तं?"
"मग गुनाहात तिचाबी वाटा."
"आन नुसता शक असन?"
"शकावर फैसला होत नाही. त्याले इचारा."
इचारलं तं नसरीनची फी जाते. नाही इचारलं तं माही आखिरत, मेल्यावरचं सारं.
पोरगी लिहायची थांबली. म्हटलं, लिह वं, तुह्या फीचंच आहे.

१५ नोव्हें., शनिवार
जुबेदा घरी आली. गाजराचा हलवा, डब्यावर फडकं बांधलेलं. गळा बरा आहे म्हने. मी गाठच पाहत बसली; हसलीवर होती तशीच.
ती गेल्यावर नसरीन म्हणते, "नानी, सारी दुनिया उजव्या हातानंच बांधते."
हाव. तेबी खरं.
आली तवा डबा गरम होता. आता थंड झाला. फडकं मी सोडलं नाही, नसरीनलेबी सोडू देलं नाही.